शाळेपुढील रस्ता आणि मार्गरक्षकाचे कर्तव्य

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेतील भाषण)



प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापकास ज्या बाबींची नित्य काळजी वाहावी लागते, त्यांत शाळेपुढील रस्ता या बाबीस आता वरचे स्थान द्यावे लागेल, अशी परिस्थिती पुष्कळ गावी निर्माण झाली आहे. जिल्हा परिषदेच्या अनेक शाळा रस्त्याच्या कडेस आहेत. त्या बांधल्या गेल्या त्या वेळी रस्त्यालगतची जागा ही सोयीची गोष्ट समजली जाई. बैलगाड्या, सायकली आणि ठरलेल्या वेळेस येणारी एस. टी. एवढीच काय ती रहदारी. पुढे त्याच रस्त्यांचे रुंदीकरण झाले, डांबर चांगले पडले, वाहने वाढली आणि त्यांचा वेगही वाढला. शाळा मात्र जागच्या जागी राहिली, आणि निम्मी वस्ती रस्त्याच्या पलीकडे राहिली. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणासंबंधीच्या महाराष्ट्राच्या 2011 च्या नियमांनी पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी 1 किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीच्या मुलांसाठी 3 किलोमीटरच्या आत शाळा असावी असे ठरविले आहे. हे अंतर बहुतेक मुले पायी चालतात. तेव्हा सहा वर्षांच्या मुलाने दिवसातून निदान दोन वेळा हमरस्ता ओलांडणे ही अपवादाची नव्हे, रोजची गोष्ट झाली आहे.

या अडचणीवर काही शाळांनी आपल्या परीने एक उपाय काढलेला दिसतो. सातवीतील एखादा उंच, चुणचुणीत मुलगा निवडावयाचा, त्याच्या हाती काठीस बांधलेले तांबडे कापड द्यावयाचे, आणि शाळा सुटताच त्यास रस्त्याच्या मध्यभागी उभे करावयाचे. मुलगा कापड फडकवितो, गाड्या थांबतात, मुले पलीकडे जातात. पालकांस कौतुक वाटते, मुलासही आपल्यावर मोठा विश्वास टाकला गेल्याचा आनंद होतो. हेतू निःसंशय चांगला आहे. परंतु ही पद्धत चुकीची आहे, आणि ती जेथे चालू असेल तेथे बंद केली पाहिजे, हेच या भाषणाचे मुख्य सांगणे होय. बारा-तेरा वर्षांच्या मुलाने वाहनांकडे तोंड करून उभे राहावयाचे नसते. त्याने तोंड करावयाचे ते आपल्या धाकट्या सोबत्यांकडे. वाहनास सामोरे जाणे हे प्रौढ मनुष्याचे काम आहे. लाल कापड दिसले की वाहन थांबते, ही समजूत बहुधा रेल्वेवरून आली असावी. पण आगगाडीच्या चालकास थांबण्याची सक्ती असते. ट्रकचा चालक त्या मुलाच्या हातातील कापडास बांधलेला नसतो. तो थांबतो तो भलेपणाने, आणि भलेपणा रोज प्रत्येक चालकाच्या ठायी असेलच असे नाही.

शाळेच्या वेळी रस्त्यावर उभे राहून मुलांस पलीकडे सुखरूप पोचविणाऱ्या प्रौढ मनुष्यास येथे मार्गरक्षक म्हटले आहे. हे पद ज्या देशांत रुळलेले आहे तेथे त्याच्या कर्तव्याच्या मर्यादा फार काटेकोरपणे आखलेल्या आहेत. त्या मर्यादा समजावून घेतल्यास आपल्या शाळांनी काय करावे व काय टाळावे हे पुष्कळसे स्पष्ट होते.

ब्रिटनमध्ये यासंबंधी स्वतंत्र कायदा 1953 साली झाला व तो पुढील वर्षी अमलात आला. त्या तरतुदी नंतर 1984 च्या रस्ते वाहतूक नियमन कायद्यात समाविष्ट झाल्या. मार्गरक्षकाच्या हाती लांब दांड्यावर बसविलेली वाटोळी तबकडी असते व तिच्यावर मुलांसाठी थांबण्याची आज्ञा लिहिलेली असते. तबकडीच्या आकारामुळे तेथील मुले मार्गरक्षकास ‘लॉलीपॉपवाला’ किंवा ‘लॉलीपॉपवाली बाई’ म्हणतात, आणि हेच नाव तेथे सर्वतोमुखी आहे. नाव खेळकर असले तरी अधिकार खेळातला नाही. मान्य केलेला गणवेश अंगावर घालून मार्गरक्षकाने ती तबकडी दाखविली की चालकाने ओलांडण्याच्या जागेपूर्वी थांबलेच पाहिजे, ओलांडणाऱ्यास अडथळा होईल असे वाहन उभे करता कामा नये, आणि तबकडी दिसत आहे तोवर पुन्हा पुढे येता कामा नये. तसे न करणे हा गुन्हा आहे. यातील एक बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. गणवेश नसेल किंवा तबकडी विहित नमुन्याची नसेल, तर तो अधिकारही नसतो. रस्त्यावर उभा असलेला मनुष्य किती प्रामाणिक आहे, यावर कायदा विसंबत नाही. दुरून येणाऱ्या चालकास ‘हा कोण व हा काय सांगत आहे’ हे एका दृष्टिक्षेपात कळले पाहिजे, यावर तो विसंबतो.

प्रारंभी हा अधिकार शाळेत जाणाऱ्या-येणाऱ्या मुलांपुरताच होता. इंग्लंड व वेल्समध्ये 2000 सालच्या वाहतूक कायद्याने ती मर्यादा काढली. आता वृद्ध मनुष्यासाठीही तेथील मार्गरक्षक रहदारी थांबवू शकतो. परंतु दुसरी मर्यादा मात्र कायम आहे. वाहने थांबविणे एवढेच त्याचे काम. वाहनांस ‘चला, पुढे या’ अशी खूण करणे, चौकातील रहदारी वळविणे, अडकलेली वाहने मोकळी करणे, ही कामे त्याची नव्हेत, ती पोलिसांची. मार्गरक्षक रहदारीचे नियंत्रण करू लागला की त्याची नजर मुलांवरून उठते, हे त्यामागील कारण उघड आहे. तसेच मार्गरक्षक नेमला म्हणून आईबापांची जबाबदारी संपते असेही तेथे मानीत नाहीत. मुलास शाळेपर्यंत नेण्याआणण्याची जबाबदारी पालकांचीच राहते. मार्गरक्षक हे त्यांस दिलेले साहाय्य होय.

मार्गरक्षक कोठे नेमावा हे ठरविण्यासाठी तेथे एक हिशोब प्रचलित आहे. तो शिक्षकांस रुचण्याजोगा आहे. सर्वांत गर्दीच्या अर्ध्या तासात रस्ता ओलांडणारी मुले मोजावयाची व त्याच वेळात जाणारी वाहने मोजावयाची. मुलांच्या संख्येस वाहनांच्या संख्येच्या वर्गाने गुणावयाचे. गुणाकार 40,00,000 च्या वर गेला तर त्या जागी मार्गरक्षकाची गरज आहे असे सामान्यतः समजतात. हा मार्गदर्शक संकेत आहे, कायदा नव्हे. आणि आपल्या रस्त्यांस तो जसाच्या तसा लागू पडेल असेही नाही. परंतु त्यातील वर्ग अर्थपूर्ण आहे. समजा, 40 मुले व 300 वाहने आहेत. गुणाकार 36,00,000 येतो. मुले 44 झाली तर तो 39,60,000 होतो, म्हणजे मर्यादेच्या आतच राहतो. मुले 40 च राहून वाहने 320 झाली तर मात्र तो 40,96,000 होऊन मर्यादा ओलांडतो. शाळेचा पट वाढला नाही, उलट घटला, म्हणून धोका वाढला नसावा, असा समज काही ठिकाणी आढळतो. पट मोजणाऱ्यांनी वाहनेही मोजली पाहिजेत. सहावी-सातवीच्या मुलांनी शाळेच्या कुंपणाच्या आत बसून, शिक्षकांच्या देखरेखीखाली, आठवडाभर अशी मोजणी केली तर वर्गाचे गणितही शिकवून होते व कचेरीस पाठविण्याजोगा पुरावाही हाती येतो.

मुलांकडूनच हे काम करून घेण्याची पद्धत जगात नाही असे मात्र नाही, आणि म्हणूनच तिचे नियम पाहण्याजोगे आहेत. अमेरिकेत 1920 च्या सुमारास शालेय सुरक्षा पथके निघाली. मिनेसोटा राज्यातील सेंट पॉल शहरात 1921 च्या फेब्रुवारीत मुलांचे असे पथक प्रथम रस्त्यावर उभे राहिले. पश्चिम जर्मनीत 1953 साली विद्यार्थी मार्गदर्शकांची प्रथा सुरू झाली. दोन्ही देशांतील नियमांचा गाभा एकच आहे. विद्यार्थ्याने वाहनांस आज्ञा करावयाची नाही. त्याने मुलांस आवरून धरावयाचे. अमेरिकेत तो मुलगा रस्त्याच्या कडेच्या आत उभा राहतो, दोन्ही बाजूंस पाहतो, वाहनांमध्ये पुरेसे अंतर पडेपर्यंत आडवा हात धरून मुलांस थोपवितो, आणि मग वाट मोकळी करून देतो. अष्टकोनी थांबा-फलक हाती घेऊन रस्त्यात उतरावयाचे ते प्रौढ मार्गरक्षकाने. जर्मन विद्यार्थीही रहदारीतील खंडाचा उपयोग करतो; तो खंड बळाने पाडीत नाही. महाराष्ट्रातील शहरांच्या शाळांत आर. एस. पी. ची पथके आहेत. गणवेश व कवायत पाहून खेड्यातील शाळांसही तसे करावेसे वाटते. जरूर करावे, मात्र हा भेद सांभाळून करावे.

जपानचा दाखला वेगळ्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. टोकियो शहरात 1959 च्या अखेरीस शाळांजवळील रस्त्यांवर स्त्रियांची नेमणूक होऊ लागली. पतीच्या निधनाने ज्यांच्यावर संसाराचा भार पडला होता अशा स्त्रियांस काम मिळावे, हाही त्या योजनेमागील एक हेतू होता. त्यांस लोक ‘हिरव्या मावश्या’ म्हणू लागले. त्या देशात ओलांडणाऱ्या मुलास हात उंच करावयास शिकवितात. लहान मूल चालकास सहज दिसत नाही, उंचावलेला हात दिसतो. शिवाय एका आळीतील मुलांनी मोठ्या मुलाच्या मागे एकत्र शाळेस जाण्याची चाल तेथे पुष्कळ ठिकाणी आहे. ही चाल आपल्या वाड्यावस्त्यांस परकी वाटणार नाही. थोरल्या बहिणीने धाकट्यांस शाळेत नेणे आपल्याकडे पूर्वापार चालत आले आहे.

आता मार्गरक्षकाच्या प्रत्यक्ष कामाकडे वळू या. ताशी 60 किलोमीटर वेगाने येणारे वाहन एका सेकंदात सुमारे 17 मीटर पुढे येते. चालकाने धोका पाहून पाय दाबीपर्यंत एक-दीड सेकंद जातो, आणि त्यानंतर वाहन कोरड्या रस्त्यावरही काही अंतर घसटत जाते. एकूण 50 मीटरच्या आसपास ते पुढे आलेलेच असते. ओल्या रस्त्यावर याहून अधिक. साखर कारखान्यांच्या हंगामात ऊस भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर तर वेग कमी असूनही झटकन थांबत नाही, कारण मागचे ओझे त्यास पुढे रेटीत असते. म्हणून मार्गरक्षकाचे पहिले कर्तव्य हात वर करणे हे नसून वाट पाहणे हे होय. जे वाहन फार जवळ आले आहे त्यास थांबविण्याचा यत्न करावयाचा नाही. त्यास जाऊ द्यावयाचे. दूर असलेल्या वाहनास फलक दाखवावयाचा, ते मंदावत आहे याची खात्री करावयाची, मगच रस्त्याच्या मध्यापर्यंत जावयाचे. दोन्ही दिशांची वाहने प्रत्यक्ष थांबेपर्यंत मुलांनी कडेसच राहावयाचे. चालकाच्या नजरेस नजर भिडली पाहिजे. मोटारसायकली उभ्या ट्रकच्या बाजूने सरकन पुढे येतात, याची विशेष दक्षता घ्यावयाची. आणि शेवटचे मूल पलीकडच्या कडेवर चढल्यावर मार्गरक्षकाने सर्वांच्या शेवटी रस्ता सोडावयाचा. घाईने फलक आधी खाली करणे हा अनुभवी माणसाच्याही हातून घडणारा दोष आहे.

येथे शिक्षकांच्या एका आवडत्या सवयीविषयी बोलणे भाग आहे. प्राथमिक शिक्षकास रांगेचे मोठे प्रेम असते, आणि ते योग्यच आहे. परंतु रस्ता ओलांडताना लांब रांग घातक ठरते. रस्ता 7 मीटर रुंद आहे व लहान मूल सेकंदास 1 मीटर चालते असे धरू. एक मूल 7 सेकंदांत पलीकडे जाईल. तेवढ्या वेळात ताशी 60 किलोमीटर वेगाचे वाहन सुमारे 117 मीटर पुढे येते. आता 20 मुले दोन-दोनच्या रांगेत, मागेपुढे एकेक मीटर अंतर ठेवून निघाली, तर शेवटची जोडी पोचेपर्यंत 16 सेकंद लागतील व तेच वाहन 267 मीटर पुढे येईल. खोळंबलेले चालक अधीर होतात, रांगेचे शेपूट मागे राहते, आणि मागे राहिलेले मूल पुढच्यांस गाठण्यासाठी धावत सुटते. याउलट तीच मुले शाळेच्या आवारातून रांगेने रस्त्यापर्यंत आणून, कडेपासून दोन पावले आत, रस्त्यास समांतर उभी केली आणि खुणेसरशी सर्वजण एकदम सरळ पलीकडे चालू लागली, तर 20 मुलांसही एका मुलाइतकाच वेळ पुरतो. पलीकडे पोचल्यावर पुन्हा रांग करावी. हे दोन दिवस मैदानावर फक्की मारून शिकविले तर मुले सहज शिकतात.

लहान मुलांस नियम पाठ करून घेतले म्हणजे काम झाले, असे मानण्याचा मोह शिक्षकांनी टाळला पाहिजे. आधी उजवीकडे पाहावे, मग डावीकडे, पुन्हा उजवीकडे, हे पहिलीतील मूल तोंडाने बिनचूक म्हणते आणि चेंडू रस्त्यात गेला की तेच मूल काहीही न पाहता धावते. स्वीडनमधील संशोधिका स्टीना सँडेल्स यांनी 1960 च्या दशकात लहान मुलांच्या रस्त्यावरील वर्तनाचा अभ्यास केला आणि केवळ शिकवणुकीने लहान मूल रहदारीस योग्य होत नाही, रहदारीच मुलास योग्य केली पाहिजे, या मताचा आग्रह धरला. शिक्षकास हे मत प्रथम खटकेल, कारण त्याचा शिकविण्यावर विश्वास असतो. परंतु मुलाची उंची, वेगाचा अंदाज घेण्याची त्याची अपुरी शक्ती आणि एकाच गोष्टीत गुंतून जाण्याचा त्याचा स्वभाव या गोष्टी धड्याने बदलत नाहीत. धडा द्यावाच, त्यावर मुलाचा जीव मात्र टांगू नये.

आता प्रश्न राहतो तो हा की, जिल्हा परिषदेच्या शाळेने मार्गरक्षक आणावयाचा कोठून? शिपायाची जागा बहुतेक प्राथमिक शाळांस नाही. ब्रिटनमधल्यासारखे वाहन थांबविण्याचा अधिकार असलेले शालेय मार्गरक्षकाचे स्वतंत्र पद 1988 च्या आपल्या मोटार वाहन कायद्यात नाही. म्हणून जेथे रहदारी खरोखर भारी आहे तेथे शाळा भरताना व सुटताना गणवेशातील पोलीस किंवा गृहरक्षक दलाचा जवान मिळावा, अशी लेखी मागणी पोलीस ठाण्याकडे केली पाहिजे. मोजणीचे आकडे सोबत जोडले तर मागणीस वजन येते. इतर ठिकाणी शाळा व्यवस्थापन समितीने ठराव करून गावातील एखाद्या जबाबदार प्रौढ मनुष्यास हे काम सोपवावे व त्याची माहिती पोलीस ठाण्यास द्यावी. असा मनुष्य आज्ञा करू शकत नाही, केवळ विनंतीची खूण करू शकतो, हे त्यास आधीच नीट समजावून द्यावे. त्याने जर्मन विद्यार्थ्याप्रमाणे रहदारीतील खंडाची वाट पाहावी, आणि वाहन थांबणार नाही असेच गृहीत धरून चालावे.

निवड करताना गावातील रिकामा मनुष्य एवढीच पात्रता पाहू नये. दृष्टी व श्रवण चांगले असावे, वेळ पाळण्याची सवय असावी, व्यसन नसावे. एस. टी. चा निवृत्त चालक मिळाल्यास फार उत्तम. समोरचे वाहन थांबेल की नाही हे त्यास इतरांपेक्षा आधी कळते. निवृत्त सैनिक चालेल. मुलांस नावाने ओळखणाऱ्या आईसही हे काम उत्तम साधते, हे जपानच्या उदाहरणावरून दिसतेच. अंगात दुरून चमकणारे पिवळे अथवा नारिंगी जाकीट हवे, हाती दोन्ही बाजूंनी वाचता येईल असा फलक हवा. शिट्टी दिली तर ती मुलांसाठी, वाहनांसाठी नव्हे. उभे राहण्याची जागा एकच असावी. वळणावर, झाडाच्या आड किंवा एस. टी. च्या थांब्याला लागून नसावी. एस. टी. तून उतरलेल्या मुलाने गाडीच्या पुढून किंवा मागून लगेच ओलांडावयाचे नाही, गाडी निघून जाऊन रस्ता दोन्हीकडे दिसेपर्यंत थांबावयाचे, हेही मार्गरक्षकानेच पाहावे.

मार्गरक्षक सकाळी व सायंकाळी असतो, पण मधल्या सुट्टीत तो नसतो. पलीकडच्या दुकानातील गोळ्याबिस्किटे त्याच वेळी मुलांस बोलावतात. रस्त्याच्या बाजूचे फाटक मधल्या सुट्टीत बंद ठेवणे आणि दुकानदारास भेटून त्या वेळात मुलांस माल न देण्याविषयी सांगणे, हे मुख्याध्यापकाचे काम आहे. शनिवारच्या व उन्हाळ्यातील सकाळच्या शाळेच्या वेळा मार्गरक्षकास आदल्या दिवशीच कळवाव्यात. शाळा अचानक लवकर सोडण्याचा प्रसंग आला तर तो येईपर्यंत मुलांस आवारातच ठेवावे.

रस्त्यावरील पट्टे, सूचनाफलक व गतिरोधक ही कामे शाळेची नव्हेत, पण ती मागण्याचे काम शाळेचे आहे. ग्रामीण मार्ग व इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे असतात. प्रमुख जिल्हा मार्ग व राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. पत्र चुकीच्या कचेरीत गेले तर ते फिरत राहते व पावसाळा येऊन ठेपतो. म्हणून रस्ता कोणत्या वर्गाचा आहे हे आधी पंचायत समितीत विचारून घ्यावे. गावकऱ्यांनी स्वतःच दगडमाती टाकून केलेला गतिरोधक मोटारसायकलस्वारांस रात्री घातक होतो. त्यास शाळेने उत्तेजन देऊ नये.

मार्गरक्षकाजवळ एक साधी वही असावी. ज्या दिवशी वाहन थांबले नाही, मूल मध्येच मागे फिरले, किंवा अपघात थोडक्यात टळला, त्या दिवशी तारीख, वेळ व दोन ओळी तीत लिहाव्यात. लिहिता येत नसेल तर मुख्याध्यापकांनी ऐकून लिहून घ्याव्यात. ही वही समितीच्या मासिक सभेत वाचली जावी. मार्गरक्षक आजारी असेल त्या दिवशी त्याची जागा कोण घेणार त्या प्रौढ व्यक्तीचे नाव याच वहीच्या पहिल्या पानावर असावे. ते नाव नसेल आणि शिक्षकही मोकळे नसतील, तर त्या दिवशी पालकांस निरोप पाठवून मुले त्यांच्या हवाली करावीत. तांबड्या कापडाची काठी पुन्हा सातवीतील मुलाच्या हाती देऊ नये.